पेशींचं दाणापाणी

पुण्याला ट्रंक कॉल लावला होता; त्यावर मोजकीच मिनिटं मिळतात म्हणून सत्यवतीबाई तारघराच्या बाकावरच शेजारणीशी भरपूर बोलून घेत होत्या.

"पोरगा पुण्याच्या प्रयोगशाळेत इंटरफेरॉनवर काम करून राहिला."

"ते काय असते बाई?"

"विषाणू लागला का पेशी ते सोडते, मंग शेजारच्या पेशी सावध होतात. आता जंतूंकडून बनवून घेतात म्हणे."

"दिवाळीले येते ना?"

"तिथं बशीत वाढवलेल्या पेशींले दाणापाणी कोण देईन? त्याच्यासंगचे लेकरंवाले सारे सुट्टीवर गेले. पण आज सांगतेच त्याले, घरात मी एकटी आहो, ये म्हणून."

"पुणे लागलं, बोला!" खिडकीतून तारबाबू ओरडला.

"हॅलो, बापू? नाही रे, मी मजेत. घर पाहुण्यांनी भरलं आहे. ठेव आता, सारे जेवाले खोळंबले."