बुडबुडे काढणाऱ्याचा मार्शमेलो

नाही पण, मला एक सांगा, बुडबुडा हा आपला मित्र की शत्रू?... हसू नका हो, गंभीर प्रश्न आहे! तुम्हाला सांगतो, अख्खं आयुष्य गेलं माझं बुडबुड्यांशी मारामारी करण्यात, आणि आता या वयात आमची ही स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि मला म्हणते, "अहो, त्यात हवा भरायचीय, हवा!" हवा भरायची? मी? मी कवळ्या करतो हो! म्हणजे काय, की दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप माझ्या लॅबमध्ये येतं, मी त्यात प्लॅस्टर ओततो, साचा काढतो, साच्यावर दात बसवतो. डॉक्टरांचं नाव होतं, पेशंटचं जेवण होतं, माझी पाठ दुखते. पण ते जाऊ द्या. मुद्दा बुडबुड्याचा! साच्यात मोहरीएवढा बुडबुडा राहिला ना, की कवळी हिरडीला टोचते, म्हातारा ती खिशात घालून तरातरा डॉक्टरांकडे जातो, डॉक्टर मला फोन करतात, आणि ते काय बोलतात ते मी इथं सांगत नाही, पुढच्या रांगेत लहान मुलं बसलीत.

म्हणून आमच्याकडे कसं, की ओतायचं ते कडेकडेनं, हळूच, आणि मग तो साचा थरथरत्या टेबलावर ठेवायचा. टेबल थरथरतं, बुडबुडे वर येतात आणि फुटतात. वीज गेली असेल तर हातानं आपटायचं. टक, टक, टक. आता हाताला त्याची इतकी सवय झालीय की मी चहाचा कपसुद्धा आधी टकटक करतो आणि मग पितो. लोकांना वाटतं मी आणखी चहा मागतोय. आणतातही बिचारे!

तर अशा माणसाच्या नशिबी मार्शमेलो यावा? ज्या पदार्थात बुडबुड्यांखेरीज दुसरं काही नसतंच, असा पदार्थ?

कुठून आला विचारा. विचारा ना! पोरीमुळे आला. एकुलती एक पोरगी आमची, व्हीगन झाली. म्हणजे दूध बंद, दही बंद, लोणी बंद, मध बंद. मध! मी म्हटलं, "अगं, मधमाशीनं काय तुझ्याकडे तक्रार केली का?" तर म्हणते, "बाबा, तिला विचारलं होतं का कुणी?" आता याला काय उत्तर आहे? आहे तुमच्याकडे? तेव्हापासून पोरगी घरी येते ती स्वतःचा डबा घेऊन. "आई, भांडण नाही गं माझं, पण तुझ्या भांड्यांना लोण्याचा वास येतो." आणि आमच्याच टेबलावर, आमच्याच खुर्चीत बसून, झाकण उघडून आपलं आपलं खाते. तिची आई समोर बसून बघते. मी आईकडे बघतो. असं आमचं कौटुंबिक जेवण.

त्यात आता तिची बदली झाली. परदेशात! मी विचारलं, "परत कधी येशील?" म्हणाली, "बघू." हे कसलं बघू माहितीय? नव्या कवळीनं अक्रोड फोडता येईल का असं पेशंटनं विचारल्यावर डॉक्टर म्हणतात ना, बघू... ते बघू! तेव्हा मी मनात धरलं, की निघायच्या आधी ती दुपारची भेटायला येणार आहे ना, तर त्या दुपारी माझ्या हातचं काहीतरी तिनं या घरात खायचं. पंगत नाही मागत मी. एक घास हो! जास्त कुठं मागतोय?

आता तुम्ही म्हणाल, मार्शमेलोच का? तर एकदा बोलता बोलता ती म्हणून गेली होती, "बाकी कशाची आठवण येत नाही रे बाबा, पण मार्शमेलो... त्यात जिलेटिन असतं ना. जनावरांची हाडं-कातडं उकळून काढतात." आणि गंमत बघा, हीच पोरगी लहान असताना मी, दातांचा माणूस, घरात एक मार्शमेलो शिरू दिला नव्हता! मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाऊन आली की दारातच थांबवायचो. "आ कर." "बाबा, काही नाही खाल्लं." "आ कर." की लगेच दाढेच्या फटीत दिसायचाच गुलाबी! त्या पोरीच्या तोंडातलं माझ्यापासून कधी काही लपलेलं नाही. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

तर गेलो केकचं सामान विकणाऱ्याच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "काका, जिलेटिनच्या ऐवजी चायना ग्रास घ्या. समुद्री शेवाळापासून होते. वापरलीय का कधी?" वापरलीय का? मला विचारतो वापरलीय का! एका साच्यावरून दुसरा साचा काढायचा असला की आम्ही हेच तर वितळवून ओततो! जन्म गेला ओतण्यात! म्हटलं, "बाबा रे, ती उकळते कधी, गोठते कधी, मला डोळे मिटून कळतं." तो म्हणाला, "मग ही दुसऱ्या शेवाळाची पावडर पण थोडी टाका काका, त्यानं जरा लवचिक होतं, नुसत्या चायना ग्रासचं कडक होतं." मी म्हटलं, "नको. आम्हाला कडकच लागतं." ...कोणाला लागतं? कवळीला! पण तोंडातून निघून गेलं, आता परत कुठं मागायचं? निघालो ऐटीत.

आणि अंड्याच्या पांढऱ्याऐवजी काय, सांगा? काबुली चणे उकडलेलं पाणी! शप्पथ! ते फेटायचं म्हणे. आमची ही म्हणाली, "इतकी वर्षं सिंकमध्ये ओतत आले, ते तुम्ही पोरीला खायला घालणार?" पण फेटलं हो, आणि तुम्हाला सांगतो, पांढराशुभ्र फेस वर आला, भांडं उलटं धरलं तरी पडेना! मी थक्क! फक्त एक झालं, की पाणी हवं म्हणून चणे उकडायचे, आणि उकडले म्हणून खायचे. सकाळी चणे, दुपारी चणे, रात्री चणे. पोटात भरपूर हवा भरली, मार्शमेलोत काही भरेना!

का भरेना? आता ऐका. साखर आणि चायना ग्रास उकळली, गरम पाक त्या फेसात सोडला, छान फुगलं, ढगासारखं, ट्रेमध्ये ओतलं... कडेकडेनं... हळूच... आणि ट्रे उचलून... टक, टक, टक! "अहो, काय करताय!" असं ही किंचाळेपर्यंत सगळा फेस खाली बसला होता. पांढरी लादी झाली. मी सवयीनं जवळून बघितलं आणि खूशच झालो, एक बुडबुडा नाही!

दुसऱ्यांदा म्हटलं, पाक जरा कोमट करून घालावा, लॅबमध्ये आम्ही तसंच करतो, फार गरम ओतलं तर साचा बिघडतो. तर चायना ग्रासनं पातेल्यातच बैठक मारली. फेस एकीकडे, गोळे एकीकडे. तो प्रकार मी सांगत नाही. आमच्या हिनं तो पाहिला आणि खिडकी उघडली, एवढंच सांगतो.

मग तिसरी खेप. आदल्या दिवशी. चण्यांचं पाणी शेवटचं, साखर शेवटची, चायना ग्रास शेवटची. आमची ही म्हणाली, "द्या इकडे, मी करते, तुम्ही हॉलमध्ये जाऊन बसा." मी म्हटलं, "नाही! माझ्या हातचं हवंय!" "तुमच्या हातांचाच तर घोळ आहे ना पण!" शेवटी तोडगा निघाला. फेटणार मी, पाक सोडणार मी, आणि ट्रेमध्ये ओतलं की माझे दोन्ही हात ही धरून ठेवणार, गोठेपर्यंत. लग्नानंतर पहिल्यांदाच इतका वेळ हातात हात घेऊन उभे राहिलो आम्ही. आणि काय सुरेख दिसत होतं हो ते! ट्रेच्या काठापर्यंत फुगलेलं, मऊ, हललं की हलकेच डुलणारं! मी म्हटलं, "जमलं गं." ही म्हणाली, "बोलू नका, श्वास लागेल त्याला." एक घास हो! जास्त कुठं मागतोय?

आणि दाराची बेल वाजली.

ही म्हणाली, "हात खिशात घाला." मी घातले. ही गेली. कुरिअरवाला होता, सही मागत होता, पेन चालत नव्हतं. मी उभा. हात खिशात. ट्रे समोर. आणि त्या ट्रेच्या कोपऱ्यात, अगदी काठाला, एक बुडबुडा. मोठा. माझ्याकडे बघत होता. मी मान वळवली. परत बघितलं तर होताच... मी नाही केलं हो! हातांनी केलं! टक, टक, टक... आणि ही परत आली तर मी ट्रे धरून उभा, आणि ट्रेमध्ये लादी. हिनं रिकामं पातेलं उचललं आणि घासायला घेतलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली. येताना हातात डबा होताच. मी लादीचे चौकोनी तुकडे केले होते, वर पिठीसाखर भुरभुरवली होती, लांबून बघितलं तर कुणीही फसलं असतं. म्हटलं, "तुझ्यासाठी. चायना ग्रास, साखर, चण्याचं पाणी. नवीन पातेलं, नवा ट्रे. जनावराचा वारासुद्धा लागलेला नाही." तिनं माझ्याकडे बघितलं. "बाबा... तू केलंस?" "हो मग!" "तू? मार्शमेलो? तू?" आणि तुम्हाला सांगतो, तिचे डोळे भरून आले, माझेही आले, आणि तिनं डब्याचं झाकण परत लावलं, एक तुकडा उचलला, आणि दात लावला!

मी श्वास रोखला. ती चावत होती. चावतेय, चावतेय... बराच वेळ चावत होती. मग गिळलं, आणि म्हणाली, "छान झालंय, बाबा." उरलेले तुकडे डब्यात घेतले, वाटेत खाईन म्हणाली, आईच्या गळ्यात पडली, माझ्या गळ्यात पडली, आणि टॅक्सी कोपऱ्यावरून वळली. संपलं. मी जिन्यात उभा राहिलो. रडलो म्हणा थोडा, पण पोट भरलं होतं माझं! खाल्लं ना तिनं! एक घास!

वर आलो, बशा आवरायला घेतल्या, तर तिच्या बशीत पेपर नॅपकिनखाली तो तुकडा. उचलून उजेडात धरला आणि... वा! काय माप उमटलं होतं हो! वरचे पुढचे दात, खालचे पुढचे दात, कड न् कड स्पष्ट! डॉक्टरांनी इतक्या वर्षांत मला असं माप एकदा पाठवलं नाही! आता माझ्यासारख्यानं काय करावं? फेकावं? लगेच प्लॅस्टर कालवलं, ओतलं, टक टक केलं, तेही अगदी उघड, कुणाला न घाबरता! साचा निघाला. आमची पोरगी. तिचे दात माझ्या तळहातावर. ती टॅक्सीत, आणि तिचे दात इथं माझ्याजवळ.

बघतो तर खालचा एक दात फिरलेला! म्हणजे रिटेनर घालत नाही! दात जागेवर राहावेत म्हणून झोपताना घालायचा असतो, मी स्वतः करून दिलेला, या हातांनी! म्हणजे माझ्या हातचं काही तोंडात घालायचंच नाही असं पोरीनं ठरवलंय की काय? चिडलो मी. तो तुकडा परत हातात घेतला, अजून कुठला दात हललाय बघायला. फिरवून बघितला. उलटा करून बघितला. चारी बाजू बघितल्या... कोपरा न् कोपरा शाबूत. दातांच्या खुणा होत्या. तुकडा कुठंच तुटला नव्हता. दात रुतले होते, आणि जसे रुतले तसे बाहेर आले होते.

मग ती चावत काय होती?

आमची ही ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "मला तेव्हाच दिसलं." म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" म्हणाली, "तुम्ही किती खूश होतात."

तेवढ्यात फोन. "बाबा, विमानतळावर पोचले रे, आता आत जातेय. आणि ऐक ना, मार्शमेलो मस्त झाले होते हं. एकदम हलके!" हलके! लहान असती तर म्हटलं असतं, आ कर. फोनवर कुणाला आ कर म्हणणार? म्हटलं, "बाळा, खालचा दात फिरलाय तुझा. रिटेनर घालत जा." तिकडून विमानाची घोषणा ऐकू आली. मग हळूच म्हणाली, "बाबा... तू माप घेतलंस?" मी म्हटलं, "नाही गं. तूच दिलंस." मग म्हणाली, "घालीन रे बाबा," आणि फोन ठेवला.

साचा माझ्या टेबलावर आहे. एक बुडबुडा नाही त्यात, हवं तर येऊन बघा. मार्शमेलोतली सगळी हवा मी आपटून आपटून काढली, आणि पोरगी माझ्यासमोर बसून तीच चावत होती. तीही इतका वेळ... एक घास मागितला होता हो. जास्त कुठं मागितलं होतं? आणि मिळाला की! हवेचा.