बाहीला लटकलेलं हत्यार

...आणि वर मलाच म्हणतात, "मास्टर, हे काय घातलंय हातात?" अहो, घातलं नाही हो, अडकलंय! तुम्हाला सांगतो, घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान, सकाळी उघडतो तर कापड बेतायच्या टेबलावर हे लोखंडी धूड. एकीकडे जबडा, दुसरीकडे कडी. पक्कड म्हणावी तर दांडे नाहीत, कुलूप म्हणावं तर किल्ली नाही. धाकटीचं असणार. धाकटी म्हणजे माझी लेक. चांगलं चालतं दुकान सोडून विजेच्या खांबांवर चढते, तारा ओढते! नोकरी धरली तेव्हापासून एका घरात राहून आमचा अबोला. बायको म्हणाली, "अहो, फोन करून विचारा की!" हॅट्! जगाला विचारीन, पण तिला विचारणार नाही!

पण मनात शंकेची पाल चुकचुकली हो... विसरून गेली असेल तर? आणि तिला वर धरून ठेवणारं हेच असेल तर? बघावं तरी म्हणून जबड्यात बाही घातली, कडी ओढली, आणि धरलं की हो त्याने! ओढतोय, ओढतोय... जितकं ओढावं तितकं घट्ट!

गेलो हार्डवेअरवाल्याकडे. "नळाचं आहे मास्टर, नळाचं!" म्हणाला आणि ओढलं. नळवाला म्हणतो, "छे, गाडीचं!" त्यानेही ओढलं. गॅरेजवाल्याने तर भिंतीला पाय लावून ओढलं. दातांच्या डॉक्टरीणबाई लांबूनच म्हणाल्या, "आमच्यातलं नाही बाई," आणि जाता जाता ओढलंच! शेवटी सगळ्यांचं एकमत, बाही कापा. कापू? स्वतः शिवलेली? आणि माझं लक्ष कुठे होतं बाहीत! रस्त्यातले खांब बघत होतो. केवढे उंच असतात हो ते! जन्मभर त्यांच्याखालून गेलो, मान वर करून कधी बघितलंच नव्हतं. पण तिला विचारणार नाही!

...विचारलं. करणार काय! रिंग वाजतेय, वाजतेय...

"बाबा?... तुम्ही?"

"पडलीस का?" हेच निघालं तोंडून!

"नाही हो! खाली बसून जेवतेय."

"ते लोखंडी... तुझं इथे राहिलंय."

"तार ताणायची पकड ना? जुनी आहे, तुमच्या मशीनचं तेल घालायला काल रात्री आणली होती. मला धरणारा पट्टा वेगळा, तो कमरेला आहे."

मी मटकन खुर्चीत बसलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? म्हटलं, "ही पकड बाही सोडत नाहीये गं."

"ओढताय ना? ओढाल तेवढी आवळणार ती. जरा ढील द्या, कडी आत ढकला."

दिली ढील. टपकन खाली पडली! बाहीला नुसता चुरगळा. फोन मात्र दोघांनाही ठेववेना.

तेव्हापासून रोज फोन करतो. पट्टा लावलास का? खांब हलत नाही ना? त्या पट्ट्याची शिवण दाखव बघू मला, या कंपनीवाल्यांच्या टाक्यावर माझा विश्वास नाही! काल वैतागून म्हणाली, "बाबा, जरा ढील द्या ना!"

देतो म्हटलं. ...पण पट्टा लावलास ना?