वहीतले आठ दिवस

हॅलो? …हां निकिता, बोल गं. …थांब, थांब, वैष्णवीने चप्पल तोंडात घातली. सोड! …आई, हिला जरा घेता का? पुण्याहून फोन आहे, लॅबमधून. …हं, बोल आता.

काय? दिसलं? माझ्या क्रिस्टलमध्ये? …किती थंड केल्यावर? …उणे दोनशे एकाहत्तर! अगं, मग रडतेस कशाला वेडे?

…हो, हो… अणूंचे चुंबकी बाण एका दिशेला वळत नाहीतच. कसे वळतील? त्रिकोणात तीन अणू, प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड हवं. दोघांचं जमतं, तिसरा अडतो. …पण काय? फिरायची दिशा सगळ्या त्रिकोणांत एकच? …अगं, देवळातल्या प्रदक्षिणेसारखंच की! तोंडं दहा दिशांना, पण उलटा कुणीच जात नाही. आणि सगळे म्हणत होते, तिथे नुसता गोंधळ आहे. गुणाची गं माझी!

पेपर कधी पाठवताय? …आज? …माझंही नाव आहे?



निकिता, ऐक ना. क्रिस्टल बनवताना भट्टी किती दिवसांत थंड केली असं लिहिलंयस? …आठ. वहीतून घेतलंस ना? …हो, अक्षर माझंच.

तीनच दिवस होते गं.

…तीन. सातवा महिना होता, पोटात कळा यायला लागल्या. बाळाचं काही होईल म्हणून इतकी घाबरले… तिसऱ्याच दिवशी भट्टी बंद केली आणि घरी यायला नाशिकची बस धरली. आठ मागाहून लिहिले. …घाईत थंड झालं की अणू भलत्याच जागी बसतात, तुला का सांगायला हवं? तुला दिसलंय ते खरं असेलही. नसेलही.

…'कुणाला कळणार' काय गं? मला दीड वर्ष रोज कळतंय.

…तुझी पीएचडी आहे, ठाऊक आहे मला. शिव्या दे हवं तर. पण पाठवू नकोस.

…अगं, आधीच्या खेपेचा तुकडा आहे ना! लहान म्हणून बाजूला ठेवलेला, हिरव्या डबीत. तो खरंच आठ दिवस थंड केलाय. तो लावून मोज. …नाही, तेच दिसेल असं वचन नाही देत.

सरांना? तू नको सांगूस. आहेत ना तिथे? फोन दे त्यांना. …दे म्हणते ना.

…नमस्कार सर, मी इरा. …हो, बाळ छान आहे. सर, वहीत मी खोटं लिहिलंय.

…भट्टी आठ नव्हे, तीनच दिवसांत थंड केली.

…हो. …हो सर. आत्ताच मेल करते, माझ्या नावाने, खरे दिवस लिहून. …फक्त निकिताला काही बोलू नका. तिला ठाऊक नव्हतं.

…ठेवते.