आज भैरवी आधी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, निवृत्त मुख्याध्यापिका आदरणीय गोदावरीताई. ज्यांना सत्कारमूर्ती म्हटलेलं अजिबात आवडत नाही असे आजचे सत्कारमूर्ती, आमचे चांदसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या शमशादभाभी. आईवडिलांना न्यायला लोणंदहून आलेली त्यांची मुलगी अर्फा. गिटार क्लासचे आजी-माजी विद्यार्थी आणि त्यांचे पालक. आणि विश्रामबागेतल्या त्या माडीवरच्या खोलीच्या आसपास राहून सोळा वर्षं आमचे बेसूर निमूटपणे ऐकून घेतलेले शेजारी, ज्यांचा खरं तर आज वेगळा सत्कार व्हायला हवा होता. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मघाशी माझं नाव पुकारलं तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मला राग नाही. हंबीरराव नावाचा माणूस, मार्केट यार्डात हळदीचा व्यापार, शरीरयष्टी ही अशी, आणि तो गिटारबद्दल बोलणार म्हटल्यावर मी स्वतःही हसलो असतो. सहा वर्षांपूर्वी चांदसाहेब मात्र हसले नाहीत. मुलगी लग्न होऊन गेली आणि तिची गिटार कपाटावर धूळ खात पडली. तिचा तारा पेलणारा पूल निखळला होता, म्हणून ती दुरुस्तीला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गिटार बाजूला ठेवली आणि आधी माझे हात बघितले. नखांत हळद भरलेली.

"हंबीरराव, बाहीर नळ हाय. हात धुवून या. मग बसा."

मी म्हटलं, "आवं, मी शिकायला न्हाई आलो. दुरुस्तीला आलोय."

"वाजवणार कोण न्हाई, तर दुरुस्त कशाला करायची?"

मी हात धुवून आलो आणि बसलो तो बसलोच.

चांदसाहेबांना आम्ही एकदोनदा उस्ताद म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "मी मिस्त्री हाय." त्यांच्या घरात तीन पिढ्या सतारी घडल्या. गिटार त्यांच्याकडे आली ती मोडकी होऊन. दुरुस्त केलेलं वाद्य वाजवून बघावं लागतं, आणि वाजवून बघता बघता ते वाजवायला शिकले. पाश्चात्त्य नोटेशन त्यांना वाचता येत नाही. जे शिकवायचं ते कानाने ऐकायचं, सारेगमात वहीत उतरवायचं आणि पोरांच्या बोटात घालायचं, ही त्यांची पद्धत.

माझी बोटं जाड आणि नजर सारखी दांड्यावर. कुठल्या पडद्यावर बोट पडतंय ते वाकून बघायचो. एक दिवस वैतागून त्यांनी माझ्याच खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि गिटारच्या दांड्यावर टाकला, माझ्या हातासकट. म्हणाले, "तुमच्या वडलांनी जलमभर रुमालाखाली बोटं धरून हळदीचं सौदं केलं. त्यास्नी दिसत हुतं का? तुमास्नी कशाला दिसायला पायजे?" रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची यार्डातली ती जुनी पद्धत आता राहिली नाही, पण वडिलांचा हात मला आठवला. त्या दिवसापासून मी टॉवेलाखाली शिकलो. आमच्या क्लासमधली सगळी पोरं आज तशीच शिकतात. बाहेरगावचा कुणी डोकावला तर त्याला वाटतं, इथं ताप आलेल्या गिटारींना पांघरूण घालून ठेवलंय.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. एका गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर चांदसाहेबांनी एक स्पॅनिश तुकडा ऐकला. मूळचा पियानोचा, सव्वाशे वर्षांपूर्वीचा, नंतर कुणीतरी गिटारसाठी बसवलेला. संगीतकाराचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही, म्हणून घेत नाही. त्यात अंगठा खालच्या जाड तारांवर चाल वाजवतो आणि दुसरी तार मोकळी, सारखी, न थांबता एकच सूर देत राहते. आता सतारीच्या घरातला माणूस. सारखा वाजतो तो सूर म्हणजे सा, यात त्यांना शंका कसली? तो सा धरला, तर खाली रे कोमल, ग कोमल, ध कोमल, नि कोमल. चांदसाहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, "ही तर भैरवी."

आणि इथेच आमचं गाडं अडकलं. कारण भैरवी झाली की मैफल संपते, तिच्यानंतर कुणी काही वाजवत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. मग हा तुकडा क्लासमध्ये वाजणार कधी? अगदी शेवटी. तासभर बोटं झिजवून झाल्यावर, वाद्यं पेटीत ठेवायच्या आधीची दहा मिनिटं. सगळ्यांत अवघड काम सगळ्यांत दमलेल्या बोटांना. मध्येच कुणी तो छेडला तर चांदसाहेब म्हणायचे, "आत्ताच घरला जायाचंय का?" अशी चार वर्षं गेली. त्यांच्या वहीतलं पहिलं पान आम्हाला झोपेत वाजवता यायचं. दुसरं पान कुणी बघितलं नव्हतं.

मग वल्लरी आली. ती बसलीय बघा तिसऱ्या रांगेत. औषधाच्या दुकानात काम करते आणि तिला नोटेशन वाचता येतं. तिने कुठून तरी त्या तुकड्याची छापील पानं मिळवली. ती घेऊन संध्याकाळी आली आणि चाचरत म्हणाली, "चांदसाहेब, रागावणार नसाल तर सांगते. ही भैरवी नाहीये. आणि ही शेवटीही वाजवत नाहीत. त्या संगीतकाराने आधी हिला प्रिल्यूड म्हटलं होतं. प्रिल्यूड म्हणजे कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाजवायचं."

भाभी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारात थांबल्या. चांदसाहेबांनी चहा घेतला, पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला.

"म्हंजे आमी दार लावून घेताना जे वाजवत हुतो, ते दार उगडायचं हुतं व्हय?"

मग हसले ते असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून क्लासची सुरुवात त्या तुकड्याने व्हायला लागली. पण नाव मात्र त्यांनी बदललं नाही. म्हणाले, "तेंच्याकडं काय बी म्हणूद्यात. माझ्या कानाला ती भैरवीच हाय. फकस्त आता सुरवातीची."

मित्रहो, इथपर्यंत सांगायला मजा वाटते. यापुढचं सांगताना वाटत नाही. गेल्या दिवाळीनंतर चांदसाहेबांच्या उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषधं दिली. औषधाने बरं वाटतं, पण तार छेडायला लागतो तो हात आता त्यांचं ऐकत नाही. अर्फाने ठरवलं की आईवडिलांनी लोणंदला तिच्याकडे राहायचं. तिचं चुकलं नाही. मुलगी म्हणून तिने हेच करायला हवं होतं, आणि तिच्याबद्दल आमच्या मनात कुठलाही राग नाही. पण क्लासचं काय? बावीस विद्यार्थी आहेत. खोली रिकामी करायची की ठेवायची?

चांदसाहेबांनी किल्ली माझ्यापुढे धरली. मी सरळ नाही म्हटलं. मला पूर्ण असा एकही मोठा तुकडा येत नाही, लोक हसतील, हळदवाल्याने क्लास काढला म्हणतील. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "भैरवी पैल्यापास्नं शेवटपतुर वाजवा. मग न्हाई म्हना."

तीन महिने मी रोज सकाळी यार्डात जायच्या आधी त्यांच्यासमोर बसत होतो. मधला संथ भाग माझा जीव खात होता. सूर इतके, की चार बोटांत मावेनात. एकदा मी गिटार खाली ठेवली आणि म्हटलं, जमणार नाही. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. "पियानोवाल्याला धा बोटं. तुमाला चार. सगळं धराया गेला तर कायच ऱ्हाणार न्हाई. चाल धरा, खालचा सूर धरा, मधलं सोडून द्या. ज्यानं हे गिटारवर बसवलं त्यानं बी तेच केलंय. ऐकणाऱ्याचा कान ऱ्हायलेलं भरून घेतोय."

चांदसाहेब, मला त्या दिवशी कळलं की तुम्ही फक्त गिटारबद्दल बोलत नव्हता. तुमचा कान मला येणार नाही. वाद्य दुरुस्त करायचा तुमचा हात मला येणार नाही. एखाद्या पोराचा बाप रागावलाय हे तुम्ही त्याच्या वाजवण्यावरून ओळखायचा, तेही मला येणार नाही. पण चाल धरेन आणि खालचा सूर धरेन. नोटेशन वल्लरी शिकवेल, तिने कबूल केलंय. बाकीचं पोरांचे कान भरून घेतील. तुम्ही जाताय याचं मला फार वाईट वाटतंय, आणि ते मी इथे सगळ्यांसमोर सांगतो, कारण खोलीत तुम्ही मला ते बोलू दिलं नसतं.

आता अध्यक्षांना एक विनंती. कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात शेवटी छापलंय, 'हंबीरराव यांचे गिटारवादन – भैरवी'. पत्रिका छापणाऱ्याची चूक नाही, आपली सवयच ती. पण मुलांची वादनं व्हायची आहेत, चांदसाहेबांना दोन शब्द बोलायचे आहेत, चहा व्हायचा आहे. तेव्हा ताई, क्रम बदलायची परवानगी द्या. मला हे आत्ता वाजवू द्या, सगळ्यांच्या आधी. ताईंनी मान हलवली. आभारी आहे.

हॉल उपलब्ध करून देणारे विश्वस्त, पत्रिका, फुलं आणि चहा बघणारे विद्यार्थी, आणि सोळा वर्षं प्रत्येक वर्गाला चहा पाजणाऱ्या शमशादभाभी यांचे मनापासून आभार. व्यापारी माणूस आहे, बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुठे शब्द जास्त गेला असेल, तर पोटात घाला. वाजवताना चुकेन ते मात्र पोटात घालू नका. ते चांदसाहेबांनी लोणंदहून फोन करून सांगायचं आहे, दर आठवड्याला.

चांदसाहेब, किल्ली द्या. हात धुवून आलोय.

आणि सोमवारी संध्याकाळी साडेपाचला वर्ग आहे. सगळ्यांनी वेळेवर या, आणि येताना टॉवेल आणा.