अमृताचा ढोलकीचा क्लास

कोपर स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे एक मावशी त्यांच्या शेजाऱ्याशी बोलत होत्या.

"काय रे प्रफुल्ल, लेकीचा ढोलकीचा क्लास बंद करणार होतास ना?"

"हो मावशी. अमृता दहावीला आहे, म्हणून काल सरांना सांगायलाच गेलेलो."

"मग?"

"जिना चढत होतो, तर वरून हसण्याचा आवाज आला. कोण हसतंय ते आधी कळलंच नाही."

"कोण होतं?"

"आमची अमृता. मोहने गाव सोडून इथे राहायला आलो तेव्हापासून घरात हो-नाहीच्या पलीकडे बोलत नव्हती. तिथे एका छोट्या मुलीला ठेका शिकवत होती. ती चुकली की दोघी हसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायच्या."

"तू आत गेलास की नाही?"

"कसा जाणार? पायरीवरच बसलो. क्लास सुटेपर्यंत ऐकत होतो."

"अरे, पण सर भेटले असतील ना?"

"भेटले. म्हणाले, बोला, काय काम काढलंत?"

"मग काय सांगितलंस?"

"विचारलं, आठवड्यातून दोनच दिवस का शिकवता? तीन दिवस नाही का जमणार?"