घडीची सायकल पक्की झाली

कुर्डुवाडीची गाडी सयाजीला सोडून गेली. पण ते झालंच नाही असं समजा. गाडी अजून यायचीय आणि सोलापूर स्टेशनावर, तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे, सायकल धरून सयाजी मेव्हण्याशी बोलतोय.

“युवराज, तुला निस्तं हँडल बदलाय सांगितलं हुतं.”

“बदललंय की, दाजी. भंगारातल्या लुनाचं हाय. वर आरसा फुकट.”

“हँडल झ्याक हाय रं. पर सायकलीची घडी हुईना.”

“घडी कशाला?”

“घडी केल्याबिगर डब्यात घेत न्हाईत. आज नोकरीचा पैला दिवस हाय, तितं उतरून लई लांब जायाचंय.”

“आवो, पर ती मधनं मोडली हुती.”

“मोडली न्हवती. तितं बिजागरी हुती.”

“वेल्डिंग चालूच हुतं. म्हनलं, अक्काचं कुंकू हाय, वाटंत आपटाय नगं. पक्की जोडून टाकली. आता हत्ती बसला तरी वाकत न्हाय.”

“हत्तीला कामावर बोलावलं न्हाय.”

“मग अर्ज करूया की.”

“लिव. माननीय स्टेशनमास्तर साहेब, आमच्या सायकलीची घडी होत नसल्यामुळे कुर्डुवाडी सायकलच्या अंतरावर आणून द्यावी, ही नम्र विनंती.”