सिंधूताईनं उचललेला बॉल

महिना डिसेंबर होता की जानेवारी, ते मला विचारू नका, माझी स्मरणशक्ती आता भरवशाची राहिलेली नाही, खरं सांगायचं तर तेव्हाही नव्हती, आणि हेच मी तुमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सेक्रेटरींना फोनवर सांगत होतो की, बाबा रे, सत्यनिष्ठेवर बोलायला दुसरं कुणीतरी बघा... तर म्हणाले, सर, पत्रिका वाटून झाल्या. आता जाता कुठे?

तर तुम्हाला सांगतो, माझी नात उन्नती आज गोल्फची चॅम्पियन आहे, पण ही गोष्ट ती व्यावसायिक म्हणून खेळायला लागली त्या पहिल्या वर्षाची. त्या वर्षात तिला एकदाही ‘कट’ मिळाला नव्हता. कट म्हणजे काय, तर दोन दिवस सगळे खेळतात, मग जास्त फटके लागून मागे पडलेल्यांना घरी पाठवतात आणि उरलेलेच तिसऱ्या दिवशी खेळतात. उन्नती दर वेळी तिसऱ्या दिवशी घरी! माझा मुलगा अंकुश बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मॅनेजर. त्यानं तिला एक वर्ष दिलं होतं, त्यातली शेवटची स्पर्धा इथलीच, नागपूरची. स्पर्धेच्या पहिल्या रात्री जेवताना तो अगदी शांतपणे म्हणाला, "यावेळी नाही झालं, तर एक तारखेपासून माझ्यासोबत कंपनीच्या बसमध्ये. तुझ्यासाठी टेबल लावून ठेवलं आहे." पोरगी वरणभात कालवत होती. कालवतच राहिली, जेवली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा कॅडी कवडू, म्हणजे काठ्यांची बॅग घेऊन सोबत चालणारा माणूस, पाय मुरगळून बसला. मग घरात रिकामा कोण? मी! जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेला, पीएच.डी. झालेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला मी. उन्नती म्हणाली, आबाजी, फक्त चालायचं आहे. फक्त! अहो, ती बॅग म्हणजे लग्नात मुलीसोबत पाठवतात तेवढं सामान. आणि नियम तरी किती? कुणी मारत असेल तर बोलायचं नाही, हलायचं नाही, सावली पडू द्यायची नाही. मला खोकला आला. तुम्हीच सांगा, आमच्या वयात खोकला न येऊन कसं चालेल? समोरची खेळाडू काठी उचलून उभी, सगळं मैदान चिडीचूप, आणि मी तो खोकला गिळून डोळ्यांतून पाणी काढत उभा. अर्ध्यात सुटका होते का, मी हळूच विचारलं. उन्नती म्हणाली, अठरा होल झाले की घरीच जायचं आहे, आबाजी. म्हणजे जाता कुठे?

त्यात आमचे नातेवाईक! माझी मोठी बहीण सिंधूताई प्रताप नगराहून घडीची खुर्ची, चिवड्याचा डबा आणि सून श्वेता, असा सगळा संसार घेऊन झाडाखाली बसलेली. आता ही सिंधूताई कोण, तर गल्लीतल्या पोरांचा बॉल अंगणात आला की तो कधीही परत न देणारी बाई. सोळाव्या होलला उन्नतीचा फटका वाकडा गेला, बॉल घरंगळत नेमका तिच्या खुर्चीपाशी थांबला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला दया आली. घरच्या पोरीचा बॉल! तिनं उचलला, पदरानं स्वच्छ पुसला आणि प्रसादासारखा ओंजळीत धरून घेऊन आली.

पंच बाई धावत आल्या. बिचाऱ्या सभ्य होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की, प्रेक्षकानं आपल्या मनानं उचलला असेल तर काही नाही, बॉल जागेवर ठेवायचा. पण खेळाडूनं किंवा कॅडीनं उचलायला लावला असेल, तर एका फटक्याचा दंड. सगळे सिंधूताईकडे बघायला लागले. ती घाबरली. आणि घाबरली की ती काय करते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"मी काहून उचलीन गा? यानंच हात केला मले. विचारा त्याले."

"काका, तुम्ही हात केला होता का?" पंच बाईंनी विचारलं.

आता मला सांगा, काय बोलायचं? साधं ‘नाही’ म्हणायचं होतं. पण मी सकाळी गॅस बंद केला की नाही हे बघायला दोनदा जिना चढणारा माणूस! बहीण इतक्या ठामपणे सांगून राहिली आहे, तर केलाही असेल. थांब म्हणून केला असेल, तिला ‘आण’ असं वाटलं असेल... सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, पळून जावंसं वाटतंय, पण जाता कुठे?

मी म्हटलं, "केला असावा."

पंच बाईंनी उन्नतीला विचारलं, तुझं काय म्हणणं? ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आबाजी म्हणतात तेच. दंड लावा."

पुढचं मला नीटसं दिसलंच नाही. मला फक्त कंपनीची बस दिसत होती, आणि खिडकीपाशी ही पोरगी. दोन होल राहिले होते. शेवटच्या होलला लांबून बॉल आत घालायचा, नाहीतर संपलं. तिनं घातला. कट मिळाला, अगदी काठावर, तिच्या मागे कुणीच नाही. अंकुशनं ते टेबल दुसऱ्याला दिलं, आणि पुढचं सगळं तुम्ही पेपरात वाचलंच आहे.

पण माझं काय झालं? ती प्रत्येक मुलाखतीत सांगत सुटली, माझ्या आबाजींनी खरं सांगितलं म्हणून मी घडले. झालं! शाळा बोलावतात, रोटरीवाले बोलावतात, प्रामाणिकपणावर बोला म्हणतात. घरात शाली ठेवायला जागा नाही. मी सांगून बघितलं की, अहो, मला खात्री नव्हती. तर लोक म्हणतात, बघा, केवढा विनय! जाता कुठे?

आणि आता गेल्या महिन्यात सिंधूताईचं सहस्रचंद्रदर्शन झालं, रामदासपेठेतल्या एका हॉलमध्ये. श्वेतानं स्वतः मोबाइलवर काढलेल्या सासूच्या जुन्या व्हिडिओंची फिल्म करून पडद्यावर लावली. त्यात ते झाड, ती खुर्ची, आणि बॉल उचलायला वाकलेली सिंधूताई. मागे मी. मी तो तुकडा श्वेताला पुन्हा लावायला लावला, मग आणखी एकदा. माझे दोन्ही हात बॅगेच्या पट्ट्यांत अडकून बसलेले होते. वर करायला एकही मोकळा नव्हता. आणि सिंधूताईकडे पाठ करून, माझ्यासमोर उभी राहून ते हात सोडवत होती ती उन्नती.